कलौंजीचे तेल आणि मामूंची किडनी

रमजानच्या दिवसांत सोलापुरात विजापूर वेशीकडे असरच्या नमाजनंतर निघाले की पाय आपोआप हळू पडतात. खजुरांचे ढीग, शेवया, सुरमा, अत्तर, टोप्या, तसबीह. या सगळ्यांच्या मधोमध एखाद्या हातगाडीवर छोट्या काळपट बाटल्या ओळीने मांडलेल्या असतात. वर हिरव्या अक्षरांत उर्दूत लिहिलेले असते, ‘रोग़न-ए-कलौंजी’. खाली हदीसचा अनुवाद आणि त्याखाली आजारांची यादी: साखर, दमा, सांधेदुखी, पित्त, केस गळणे, हृदय, किडनी.

दोन वर्षांपूर्वीच्या रमजानात अशीच एक बाटली मी मामूंसाठी घेतली. आज त्या बाटलीविषयी लिहायचे आहे. तेल वाईट होते म्हणून नव्हे. ते बहुधा चांगलेच असावे. चूक झाली ती तेलाबद्दल मी जे सांगितले, त्यात.

मामूंचे आयुष्य यंत्रमागावर गेले. चाळीस वर्षे टॉवेलच्या कारखान्यात उभे राहून काम. साठी ओलांडली तेव्हा गुडघ्यांनी असहकार पुकारला. सजद्यातून उठताना चेहऱ्यावर कळ दिसायची, तरी खुर्चीवर बसून नमाज पढायला तयार नसत. तरावीहच्या वीस रकअत उभ्याने पढता याव्यात म्हणून ते मेडिकलमधून दुखण्याच्या गोळ्या आणत. कागद नाही, डॉक्टर नाही. ‘गुडघ्याची द्या’ म्हटले की मिळत. रक्तदाबाची गोळी आधीपासून होतीच, पायावर सूज येते म्हणून पाणी काढणारीही एक सुरू होती.

मीच त्यांना म्हटले होते, ‘मामू, या गोळ्यांनी किडनी खराब होते म्हणतात.’ त्यांना काळजी वाटली. आणि त्याच आठवड्यात माझ्या मोबाइलवर एक उर्दू संदेश आला. त्याचा आशय असा की कलौंजीचे तेल गुर्द्यांना औषधांच्या नुकसानीपासून वाचवते आणि हे आता विज्ञानानेही सिद्ध केले आहे. मी तो मामूंना पाठवला आणि सोबत बाटलीही नेऊन दिली. मामू खूश झाले. सहेरीला एक चमचा तेल, त्यावर एक गोळी. इफ्तारनंतर पुन्हा तेच. मी टोकले तर हसून म्हणाले, ‘बेटा, कलौंजी चालू है ना, अब गुर्दे को क्या होता?’

मार्च संपत आला होता. सोलापूरचा पारा चाळिशीकडे सरकत होता. एकविसाव्या रोज्याच्या आसपास मामूंना मळमळ सुरू झाली, पाय सुजले, लघवी अगदी कमी आणि गडद होऊ लागली. ‘रोज्याची उष्णता आहे’ म्हणून तीन दिवस काढले. चौथ्या दिवशी श्वास लागला तेव्हा दवाखान्यात नेले. रक्तातले क्रिएटिनिन 4.2 आले. वर्षभरापूर्वी ते 1.1 होते.

डॉक्टरांनी विचारले, ‘कोणती औषधे चालू आहेत?’ आम्ही रक्तदाबाची आणि सुजेची गोळी सांगितली. मामूंनी स्वतः अभिमानाने कलौंजीचे नाव सांगितले. दुखण्याच्या गोळीचा उल्लेख कोणी केलाच नाही. कारण आमच्या घरात ती ‘औषध’ या सदरात मोडतच नव्हती. डॉक्टरांनी तिसऱ्यांदा विचारले तेव्हा मुमानीने पिशवी उलटी केली. त्यातून अकरा रिकाम्या स्ट्रिप्स पलंगावर पडल्या.

किडनी काय करते, गोळी काय करते

मी उर्दूची प्राध्यापिका आहे, विज्ञानाची नाही. पण त्या नऊ दिवसांत दवाखान्याच्या बाकावर बसून आणि नंतर आमच्या कॉलेजातल्या रसायनशास्त्राच्या सहकाऱ्यांना छळून जे समजून घेतले, ते साध्या शब्दांत सांगते.

आपल्या दोन्ही किडन्यांत प्रत्येकी सुमारे दहा लाख सूक्ष्म गाळण्या असतात. हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा जवळपास पाचवा हिस्सा या दोन मुठीएवढ्या अवयवांकडे जातो. दिवसभरात सुमारे 180 लिटर द्रव गाळला जातो आणि त्यातला दीड-दोन लिटर सोडून बाकी सगळा नळ्यांमधून परत रक्तात घेतला जातो. हे परत घेण्याचे काम करणाऱ्या नळ्यांच्या पेशी अतिशय कष्टाळू, म्हणूनच नाजूकही. रक्तातून येणारे औषध तिथेच साठते, तिथेच घट्ट होते.

औषधांनी किडनीला इजा होण्याचे मार्ग वेगवेगळे आहेत. जेंटामायसिन हे 1963 साली हाती आलेले जंतुनाशक इंजेक्शन आजही गंभीर संसर्गात वापरतात. ते नळ्यांच्या पेशींत साठते आणि आतून त्यांना मारते. हे इंजेक्शन घेणाऱ्या शंभरातल्या दहा ते पंचवीस रुग्णांच्या किडनीवर कमी-अधिक परिणाम दिसतो. सिस्प्लॅटिन हे कर्करोगाचे औषध. अमेरिकेत त्याला 1978 मध्ये मान्यता मिळाली. तोंडाच्या आणि घशाच्या कर्करोगात ते आपल्याकडे सर्रास दिले जाते. तेही याच पेशींवर घाव घालते. या दोन्ही औषधांत एक समान सूत्र आहे. पेशींच्या आत ऑक्सिजनचे आक्रमक कण तयार होतात आणि पेशीचे स्वतःचे संरक्षण संपून जाते.

दुखण्याच्या गोळीचा मार्ग निराळा आहे. शरीरात पाणी कमी झाले की किडनीकडे जाणारा रक्तपुरवठा आटू लागतो. अशा वेळी किडनी प्रोस्टाग्लँडिन नावाचे द्रव्य तयार करून आपल्याकडे येणारी रक्तवाहिनी उघडी ठेवते. डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन यांसारख्या गोळ्या वेदना कमी करतात, कारण त्या हेच द्रव्य तयार होऊ देत नाहीत. म्हणजे गुडघ्याची कळ थांबते आणि त्याच वेळी किडनीचा नळही बंद होऊ लागतो. त्यात रक्तदाबाच्या काही विशिष्ट गोळ्या आणि पाणी काढणारी गोळी यांची भर पडली, की धोका कितीतरी वाढतो. मामूंच्या पिशवीत या तिन्ही होत्या. वर तेरा-साडेतेरा तासांचा रोजा आणि सोलापूरचे ऊन.

डायक्लोफिनॅकची एक हकिकत पक्षिप्रेमींना ठाऊक असेल. 1990च्या दशकात भारतातली गिधाडे पटापट मरू लागली. राजस्थानातल्या भरतपूरच्या केवलादेव अभयारण्यातली घट मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या शास्त्रज्ञांनी नोंदवली. कारण 2004 मध्ये उघड झाले. आजारी जनावरांना डायक्लोफिनॅक दिले जाई, ती मेली की गिधाडे त्यांचे मांस खात आणि त्यांच्या किडन्या निकामी होत. पांढऱ्या पाठीच्या गिधाडांपैकी नव्व्याण्णव टक्क्यांहून अधिक नाहीशी झाली. 2006 मध्ये जनावरांसाठी हे औषध वापरण्यावर भारतात बंदी आली. माणसाचे शरीर गिधाडासारखे नाही, आपण हे औषध पुष्कळ चांगले पचवतो आणि योग्य मात्रेत ते उपयोगीच आहे. पण रोज दोन गोळ्या तोंडात टाकताना ते ‘औषधच नाही’ असे समजणाऱ्या आमच्यासारख्या घरांनी ही हकिकत लक्षात ठेवावी.

संदेशात गाळलेला शब्द

आता कलौंजीकडे येऊ. तो संदेश खोटा होता का? मला वाटले होते की पूर्ण खोटा निघेल. तसे नव्हते.

कलौंजीच्या दाण्यात साधारण तिसरा हिस्सा किंवा त्याहून थोडे जास्त स्थिर तेल असते. त्यात निम्म्याहून अधिक लिनोलेइक आम्ल असते. याशिवाय अगदी थोडे, उडून जाणारे सुगंधी तेल असते. दाणे चुरडल्यावर नाकाला झोंबणारा जो वास येतो तो त्याचाच. या सुगंधी तेलातले मुख्य द्रव्य म्हणजे थायमोक्विनोन. 1960च्या दशकात ते वेगळे काढले गेले आणि तेव्हापासून त्यावर जगभर काम चालू आहे. पेशींतल्या आक्रमक कणांना आवर घालण्याचा गुण त्यात आहे.

1997 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सिस्प्लॅटिन दिलेल्या उंदरांना थायमोक्विनोन दिल्यावर किडनीची इजा कमी दिसली. 2004 मध्ये ओमानच्या सुलतान काबूस विद्यापीठातल्या संशोधकाने जेंटामायसिन दिलेल्या उंदरांवर कलौंजीच्या तेलाचा परिणाम तपासला. तेल मिळालेल्या उंदरांत क्रिएटिनिन आणि युरिया कमी वाढले, नळ्यांच्या पेशी कमी मेल्या. आपल्या अलीगढ मुस्लिम विद्यापीठातल्या संशोधकांनी सिस्प्लॅटिनच्या बाबतीत असेच काम केले आहे. त्यांनी जवसाच्या तेलावरही प्रयोग केले आणि तिथेही किडनीला काही संरक्षण मिळाल्याचे आढळले. जवसाची चटणी खाणाऱ्या आपल्या मुलखाला हे वाचून बरे वाटेल.

म्हणजे संदेशाचा पाया खरा होता. फक्त त्यात एक शब्द गाळला होता, ‘उंदीर’. तो शब्द असता तर मी नक्कीच दोनदा विचार केला असता.

या एका शब्दाने इतका फरक का पडतो? पहिली गोष्ट मात्रेची. ओमानच्या प्रयोगात उंदरांना दर किलो वजनामागे रोज अर्धा ते दोन मिलिलिटर तेल दिले होते. सरळ त्रैराशिक मांडले तर साठ किलोच्या माणसाला रोज तीस ते एकशेवीस मिलिलिटर होते. उंदराची मात्रा माणसाला अशी सरळ लावत नाहीत हे खरे. पण आपला एक चमचा आणि प्रयोगातला उंदीर यांचे नाते आपण समजतो तितके सोपे नाही, एवढे तरी यातून कळते.

दुसरी गोष्ट वेळेची. प्रयोगात तेल औषधाच्या आधीपासून आणि औषधाबरोबर मोजून दिलेले असते. उंदीर तरुण, निरोगी, पोटभर पाणी पिणारे. त्यांना रक्तदाब नाही, साखर नाही, रोजा नाही.

तिसरी गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची. ज्या औषधांची मी नावे घेतली ती पेशींना आतून जाळणारी आहेत. तेथे तेलाचा गुण कामी येऊ शकतो. मामूंच्या किडनीला जे झाले ते रक्तपुरवठा आटल्याने झाले. आग विझवणारे साधन बंद नळ उघडत नाही. संदेशात नुसते ‘औषधांपासून वाचवते’ असे होते. कोणत्या औषधांपासून, हे नव्हते.

माणसांवर काहीच काम झालेले नाही असेही नाही. अलीगढमध्येच मधुमेहामुळे किडनी बिघडलेल्या रुग्णांवर एक छोटी चाचणी झाली, ती 2017 मध्ये प्रसिद्ध झाली. बारा आठवडे रोज अडीच मिलिलिटर तेल, म्हणजे साधारण अर्धा चहाचा चमचा, नेहमीच्या उपचारांच्या जोडीला दिले गेले. निष्कर्ष आशा वाटावी असे आहेत. पण ‘नेहमीच्या उपचारांच्या जोडीला’ हे शब्द विसरू नयेत. शिवाय अशा लहान चाचण्यांवरून हजारो लोकांसाठी नियम ठरत नाहीत. मोठ्या चाचण्या लागतात.

दुसरी बाजूही आहे. 2013 मध्ये तुर्कस्तानातल्या डॉक्टरांनी एका मधुमेही महिलेची नोंद प्रसिद्ध केली. थोडेच दिवस कलौंजीच्या गोळ्या घेतल्यानंतर तिच्या किडन्या अचानक काम करेनाशा झाल्या आणि डायलिसिस करावे लागले. एका रुग्णावरून कलौंजी घातक ठरत नाही. पण ‘नैसर्गिक आहे, त्याने काय होणार’ या वाक्याला उत्तर म्हणून ही एक नोंद पुरेशी आहे. कलौंजीने साखर आणि रक्तदाब काही प्रमाणात उतरू शकतात. त्यामुळे मधुमेहाची गोळी घेऊन रोजा धरणाऱ्याने वरून तेलही सुरू केले, तर दुपारी साखर खाली जाण्याचा धोका वाढतो.

पाच दाणे किंवा सात

काही वाचक म्हणतील, मॅडम, हदीसचे काय? हा प्रश्न मला मामूंनी दवाखान्यातच विचारला होता. त्यामुळे त्याचे उत्तर शोधणे माझे कर्तव्यच होते.

सहीह बुखारीत ‘किताबुत्तिब’ म्हणजे वैद्यकाच्या प्रकरणात ही हदीस आहे. काळ्या दाण्यात मृत्यू सोडून प्रत्येक आजारावर शिफा आहे, असा तिचा आशय. आमच्यातल्या बहुतेकांना एवढेच पाठ असते. पण त्याच ठिकाणी हजरत आयेशा (रजि.) यांच्याकडून आलेली एक रिवायत आहे. प्रवासात एक सोबती आजारी पडले. त्यांना भेटायला आलेल्यांनी काय सुचवले? कलौंजीचे पाच किंवा सात दाणे कुटावेत, तेलात मिसळावेत आणि त्याचे थेंब दोन्ही नाकपुड्यांत सोडावेत. इथे मात्रा आहे, कृती आहे, रुग्ण समोर आहे. पाच किंवा सात दाणे! बाटलीभर नव्हे.

आमच्या पूर्वीच्या विद्वानांनी ‘प्रत्येक आजार’ या शब्दांचा विचार केलेला आहे. इमाम खत्ताबी म्हणतात की इथे शब्द व्यापक असले तरी अर्थ मर्यादित आहे. जे आजार थंडी आणि ओलाव्यातून होतात असे तेव्हाचे वैद्यक मानत होते, त्यांच्यासाठी हे औषध आहे. इब्ने कय्यिम यांनी कुरआनमधल्या सूरह अहकाफचा दाखला दिला. तिथे वादळाने सर्व काही उद्ध्वस्त केल्याचे वर्णन आहे. तिथे ‘सर्व काही’ म्हणजे जे उद्ध्वस्त होण्याजोगे होते ते. तसेच हे. याच इब्ने कय्यिम यांनी कलौंजीचा अतिरेक जीवघेणा ठरतो असे काही लोकांचे मत असल्याचीही नोंद केली आहे. हे सगळे धर्मश्रद्धा असलेले लोक होते. त्यांनी हदीसवर शंका घेतली नाही. त्यांनी ती समजून घेण्याचे कष्ट घेतले.

आणखी एक घटना अबू दाऊदच्या संग्रहात आहे. हजरत सअद बिन अबी वक्कास (रजि.) आजारी पडले तेव्हा प्रेषित मुहम्मद (स.) यांनी त्यांना सकीफ कबिल्यातल्या हारिस बिन कलदा या वैद्याकडे जायला सांगितले. याच संग्रहात असेही आहे की ज्याला वैद्यक येत नाही आणि तरी जो उपचार करतो, तो झालेल्या नुकसानीला जबाबदार असतो. हे वाचताना माझा हात थांबला. मामूंना मी संदेश पाठवला होता, बाटली दिली होती, विश्वासही दिला होता. उपचार आणखी वेगळा काय असतो?

बाटलीत आहे तरी काय?

एक व्यावहारिक गोष्ट सांगायला हवी. मराठी घरांत कलौंजीच्या नावाचा मोठा गोंधळ आहे. कारळे म्हणजे खुरासणी, ज्याची आपण चटणी करतो. ते वेगळे. काळे जिरे किंवा कडू जिरे हे आणखी वेगळे. बिर्याणीतले शहाजिरे तिसरे. कांद्याचे बी दिसायला कलौंजीसारखेच, म्हणून अनेक जण कलौंजीलाच कांद्याचे बी म्हणतात. खरी कलौंजी म्हणजे नायजेला सटायवा. तिचे कांद्याशी किंवा जिऱ्याशी काही नाते नाही. लोणच्यात आणि नानवर जे काळे त्रिकोणी दाणे असतात, ते हेच.

तेलाच्या बाबतीत हा गोंधळ जास्तच. एका बाटलीतल्या तेलात थायमोक्विनोन पुरेसे असेल, दुसरीत नाममात्र. बी कुठले, तेल कसे काढले, किती दिवस उन्हात ठेवले, यावर ते ठरते. हातगाडीवरच्या बाटलीत स्वस्त तेल मिसळलेले नाही याची खात्री ना विकणाऱ्याला असते, ना घेणाऱ्याला. प्रयोगशाळेतले तेल आणि ही बाटली एकच आहे असे धरून चालणे हीच मोठी चूक.

नान, लोणचे, भाजीच्या फोडणीत कलौंजी जरूर खावी. ती आमच्या दस्तरख्वानची जुनी सोबती आहे. पण औषध म्हणून रोज तेल घ्यायचे असेल तर डॉक्टरांना आणि आपल्या हकीमसाहेबांना, दोघांनाही सांगून घ्यावे.

रोजा आणि किडनी

सिस्प्लॅटिन देताना मोठ्या रुग्णालयांत किडनी वाचवण्यासाठी काय करतात, हे मी डॉक्टरांना विचारले होते. मला वाटले एखादे महागडे औषध असेल. ते म्हणाले, ‘पाणी. सलाईनने भरपूर पाणी देतो, सोबत बहुधा मॅग्नेशियम.’ मामूंनाही अखेर तेच मिळाले. गोळ्या बंद झाल्या, सलाईन सुरू झाले. डायलिसिसची तयारी ठेवली होती, अल्लाहच्या कृपेने वेळ आली नाही. नवव्या दिवशी घरी आले. क्रिएटिनिन हळूहळू 1.7 वर येऊन थांबले. पूर्वीच्या 1.1 वर ते पुन्हा गेले नाही. जे गेले ते गेले.

म्हणून या रमजानात काही गोष्टी आपल्या घरातल्या वडीलधाऱ्यांसाठी कराव्यात, ही विनंती. मधुमेह, रक्तदाब किंवा किडनीचा आजार असेल तर एकदा क्रिएटिनिन आणि लघवीतली प्रथिने तपासून घ्यावीत. क्रिएटिनिनची एक वाईट खोड आहे. किडनीची ताकद बरीच कमी होईपर्यंत ते जवळपास ठीकच दिसते. त्यामुळे जुना रिपोर्ट जपून ठेवावा आणि तुलना करावी. गोळ्यांच्या वेळा डॉक्टरांकडून सहेरी-इफ्तारप्रमाणे लावून घ्याव्यात. दुखण्याची गोळी रोज लागत असेल तर ती कोणती, किती, हे त्यांना स्पष्ट सांगावे. गुडघ्यासाठी दुसरे उपाय असतात: शेक, व्यायाम, मलम, वेगळ्या प्रकारची गोळी. खुर्चीवर बसून नमाज पढण्याची मुभा ज्याने दिली, त्याला आपल्या कण्हण्याची गरज नाही.

इफ्तारला एकदम तांब्याभर पाणी न पिता, इफ्तार ते सहेरी थोड्या-थोड्या वेळाने प्यावे. हृदयाच्या किंवा डायलिसिसच्या रुग्णाने मात्र डॉक्टरांनी ठरवून दिलेलेच प्यावे. लघवी अगदी कमी झाली, गडद झाली, सूज आली, मळमळ होऊ लागली किंवा श्वास लागला, तर ‘उष्णता’ म्हणून दिवस काढू नयेत. रोजा सोडून दवाखाना गाठावा.

सूरह बकरच्या 184 आणि 185 क्रमांकाच्या आयतींत आजाऱ्याला आणि प्रवाशाला सवलत दिलेली आहे. बरे झाल्यावर राहिलेले रोजे भरून काढता येतात. ज्याला पुढेही शक्य नाही, त्याच्यासाठी फिदया आहे, म्हणजे एका गरिबाचे जेवण. ही सवलत दुबळ्यांना दिलेली भीक नाही. ज्याने रोजा फर्ज केला त्यानेच ती दिली आहे. ती नाकारून शरीराची हानी करून घेण्यात कोणती नेकी?

मामू आता रोजे धरत नाहीत. पहिल्या वर्षी सहेरीला सगळे उठले की ते अंथरुणावर पडून छताकडे बघत राहत. मुमानी सांगत होती की गुपचूप रडतही. मागच्या वर्षापासून त्यांनी एक काम अंगावर घेतले आहे. रोज एका गरिबाच्या जेवणाचा फिदया ते स्वतः डबा घेऊन पोहोचवतात, चालत, काठी टेकत. तरावीह खुर्चीवर बसून पढतात. सुरुवातीला मागच्या रांगेत, खांबाआड बसत. आता पुढे बसतात.

परवा इफ्तारच्या आधी मी त्यांच्याकडे गेले होते. नानवरची कलौंजी बोटाने टिपून खात होते. मला बघून म्हणाले, ‘ये तो चलती ना, डॉक्टरनी?’ मी म्हटले, ‘चलती मामू. मोजून पाच-सात दाणे.’ मोबाइल वाजला. कोणीतरी नवा संदेश पाठवला होता, त्यात लिंबाच्या सालीने किडनी धुऊन निघते असे होते. मामूंनी हात पुढे केला, चष्मा नाकावर ओढला, संदेश पूर्ण वाचला आणि विचारले, ‘ये किसपे आजमाया, इसमें लिखा है क्या?’

लिहिलेले नव्हते. मी तो पुढे पाठवला नाही.